मला न विचारता

सर, तुमच्या चितेसमोर माझ्या काचेच्या डोळ्यातून पाणी आलं. खऱ्या डोळ्यातून आलं नाही. धूर लागला की काचेच्या डोळ्याची खोबण चुरचुरते आणि पाणी गळतं, हे नागपूरच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. पण ते गावाला कुठं माहीत? गाव म्हणालं, खेमराज सर किती रडले. मी ते खोडून काढलं नाही. तुम्ही असतात तर बाजूला उभे राहून गालातल्या गालात हसला असतात.

तेरवी झाली. शाळेच्या पटांगणात शोकसभाही झाली. जो उठला त्यानं तुम्हाला देवमाणूस म्हटलं. ताराचंदही उठला. माझा डोळा ज्यानं फोडला तो ताराचंद. माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "मोठ्या सरायनं मले जेलातून वाचवलं. नाहीतर मी आज कुठं असतो?" आणि माईक दुसऱ्याच्या हातात देऊन खाली बसला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग माझं नाव पुकारलं गेलं: आता आपल्या शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक, मोठ्या सरांचे लाडके विद्यार्थी, दोन शब्द बोलतील. मी उठलो आणि शाळेमागच्या बोडीकडे, त्या छोट्या तळ्याकडे, चालता झालो. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. तुमच्या मरणामुळे माझ्याबद्दल बरेच चांगले गैरसमज पसरलेत.

तिथं माईकवर बोललो असतो ते इथं बोलतो. मी तुमचा लाडका नव्हतो. तुम्हीही माझे नव्हतात. तुम्ही ताराचंदला वाचवलंत, हे खरं. मला कशापासून वाचवलंत, हे मी तुम्हाला जन्मभर विचारत आलो आणि तुम्ही जन्मभर विषय बदलत आलात. आता बदला.

नववीत मी आणि ताराचंद एकाच बाकावर बसायचो. त्याचा बाप मोहाची दारू गाळताना धरला गेला होता आणि भंडाऱ्याच्या जेलात होता. मधल्या सुट्टीत ताराचंदनं डबा उघडला तेव्हा मी म्हटलं, "तुह्या बापाले सरकार जेवू घालून राहिलं, तू कायले डबा आनतो बे? तूही जाय न तिकडं." पोरं हसली. पोरं हसली म्हणून मी ते आणखी एकदा म्हटलं. त्याच्या हातात कंपासपेटीतलं कर्कटक होतं. मला त्यानंतर दिसलं ते फक्त त्याचा उघडा डबा आणि त्यातली वांग्याची भाजी, आणि तीही अर्धीच.

म्हणजे तुझीही चूक होतीच की, असं आता कोणी म्हणेल. तुम्हीही म्हणालात. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो: बोललो, हो, बोललो. जिभेची शिक्षा जिभेला करायची होती.

माझे बाबा ठाण्यात निघाले होते. त्यांच्या बाजूनं सगळंच होतं: जमीन होती, गावात वजन होतं, हायवेवरच्या ठाण्यात ओळखीचा हवालदार होता, आणि पोराच्या तोंडावर पट्टी होती. ताराचंदला रिमांड होममध्ये पाठवायला त्यांचा एक शब्द पुरेसा होता. तेवढ्यात तुम्ही आमच्या दारात आलात आणि ओसरीवर बसलात. "पोट्ट्याले ठान्यात देऊ नका," म्हणालात, आणि मग काही बोलायलाच तयार नाही. मायनं चहा आणला, तुम्ही घेतला नाहीत. जेवायला बोलावलं, उठला नाहीत. गावातला प्रत्येक माणूस काही ना काही निमित्त काढून दारावरून जाऊन मास्तर उपाशी बसलाय हे पाहून गेला. माय आतून आमच्या पोवारी बोलीत तुम्हाला शिव्या देत होती आणि पुन्हा पुन्हा पाणी पाठवत होती. संध्याकाळी बाबांनी सायकल परत भिंतीला लावली. लोक याला तुमचं मोठेपण म्हणतात. मी दांडगाई म्हणतो. घरात पोराचा डोळा गेलेला, आणि बापाला आपल्याच घरात घास घ्यायची चोरी.

कारणही तुम्ही सांगितलंत, तेव्हा मी आतल्या खोलीत खाटेवर पडून ऐकत होतो. "एक पोट्टा देल्ला मी पोलिसायले," तुम्ही बाबांना म्हणालात. "शारेची पान्याची मोटार चोरली होती त्यानं. रिमांड होमातून तो गावात परत आला, पन शारेत नाही आला. आता हायवेवर ट्रक पुसून राहिला. दुसरा मी देत नाही." म्हणजे चूक तुम्ही केलीत आणि ती फेडायला माझा डोळा घेतलात. मी हे तुम्हाला तोंडावरही म्हटलं होतं, तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी, गळ्यात हार असताना. तुम्ही हार काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ठेव रे, टोचून राहिला."

तुमच्या त्या रिवाजाबद्दलही बोलू. तुम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले. तुमच्या गावात कोणाच्या हातून तलावाची पाळ फुटली की आधी दोघांनाच तिथं उभं करायचे: ज्याच्या हातून फुटली तो, आणि ज्याचा धान त्यापायी गेला तो. एकानं माती टाकायची, दुसऱ्यानं ती दाबायची. या दोघांची माती पडेपर्यंत बाकी गावानं हात लावायचा नाही. तुम्ही ही रीत उचलून शाळेत आणलीत. शाळेमागची बोडी आहेच, तिची पाळ दर पावसात कुठं ना कुठं ढासळतेच. शाळेत कोणी कोणाचं काही मोडलं, चोरलं, फाडलं की तुम्ही दोघांना बोडीवर न्यायचात. मोहाच्या झाडाखाली समोरासमोर बसवायचात. ज्याचं नुकसान झालं त्यानं वाटेल ते विचारावं, वाटेल ते मागावं. दुसऱ्यानं उठून जायचं नाही, खोटं बोलायचं नाही. आणि शेवटी दोघांनी मिळून पाळीवर माती टाकायची. वही फाडणं, सायकलची हवा सोडणं, इथपर्यंत मला ही रीत पसंत होती. हवा सोडल्याबद्दल मी स्वतः माती टाकलेली आहे. पण डोळा म्हणजे काय सायकलची हवा होती?

तुम्ही मला तिथं नेलंत. पट्टी अजून ओली होती. ताराचंद समोर बसला. त्याची माय आणि माझे बाबा लांब, एकमेकांकडे पाठ करून उभे होते. तुम्ही मध्ये बसलात आणि म्हणालात, "माग, खेमा."

मी म्हटलं, "मले याचा डोरा पाह्यजे."

ताराचंद गुडघ्यांवर पुढं सरकला. तोंड वर केलं, डोळा उघडा ठेवला आणि म्हणाला, "घे." मी त्याच्या डोळ्यावर अंगठा ठेवला. पापणी आपोआप मिटली आणि तिच्याखाली डोळा हलला. जिवंत होता. मी दाबलं. थोडं दाबलं, सर, पण दाबलं. त्याची माय ओरडली. तुम्ही जागचे हलला नाहीत. तुमच्या हाताच्या अंतरावर एक पोरगा दुसऱ्याचा डोळा काढायला बसला होता आणि तुम्ही बोडीतल्या पाण्याकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहत होतात. मग माझाच हात गळाला. मी रडलो. तुम्ही म्हणालात, "झालं? आता दुसरं माग."

दुसरं काय मागणार होतो? मी म्हटलं, "तुमी मले विचारलं नाही. मले पोलीस पाह्यजे होते."

तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये मातीचं घमेलं सरकवलंत. "घमेलं उचल, खेमा."

एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी माती पाळीवर टाकायला जायचो आणि ती पाण्यात पडायची. शाळेच्या खिडक्यांतून पोरं हसायला लागली. ताराचंद हसला नाही. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला, आणि घमेल्याची एक कड धरून ते नेमकं जागेवर उलटं करायला लागला. तेव्हापासून तो डावीकडेच असतो. बाजारात, लग्नात, माझ्या बाबांच्या मयतीत, आणि आता तुमच्याही. मी त्याला माफ केलेलं नाही. तोही मागत नाही. पण हायवे ओलांडताना तो सोबत असला की मी डावीकडे पाहत नाही.

आता चांगलंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोट्टा कोताच राहिला. नागपूरला डोळा बसवायला तुम्ही मला नेलंत. अंग वाढलं की डोळा लहान पडायचा, मग पुन्हा नेलंत. दर वेळी ताराचंदलाही घेतलंत. एसटीत तो डावीकडे, तुम्ही उजवीकडे, मी मध्ये. दुकानात ट्रेमध्ये डोळेच डोळे मांडलेले होते. तुम्ही एक उचललात, दुकानदारानं एक उचलला. ताराचंद म्हणाला, "हा नाही. त्याच्या डोऱ्यात पिवरं आहे थोडसं, काठाले." दुकानदारानं माझा डोळा उजेडात पाहिला आणि दुसरा ट्रे काढला. माझ्या मायनंही माझ्या डोळ्याकडे इतकं पाहिलं नसेल. परत येताना मी एसटीत तोंड खिडकीकडे केलं ते कोहमारा येईपर्यंत वळवलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, झोपला.

मग मी शिकलो, त्याच शाळेत लागलो, तुम्ही निवृत्त झालात आणि तरी रोज बोडीवर येत राहिलात. माझा प्रश्न तोच: सर, मला विचारलं का नाही? तुम्ही कधी म्हणालात, चहा सांग. कधी म्हणालात, धानावर मावा पडला काय रे तुमच्याकडं? गोंदियाच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी शेवटचं विचारलं. नाकात नळी होती, आता तरी पळून जाणार नाही असं वाटलं. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पानी दे." मी पाणी दिलं. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते एवढंच, याचा मला अजून संताप येतो.

तुम्हाला एक गोष्ट मी दवाखान्यात सांगितली नाही. सांगितली असती तर तुम्ही नळी काढून बोडीवर येऊन बसला असतात. तुम्ही पडून होतात तेव्हाच शाळेत हे झालं. नववीतल्या दोन पोरी, रोशनी आणि ट्विंकल. सख्ख्या मैत्रिणी होत्या, मग रोशनीला दुसऱ्या मैत्रिणी मिळाल्या आणि तिनं ट्विंकलशी बोलणं सोडलं. शाळा सुटल्यावर हायवेच्या कडेनं सायकलवर जाताना ट्विंकलनं रोशनीच्या चालत्या चाकात बांबूची काडी घातली. रोशनी डांबरावर तोंडावर पडली. समोरचे दात गेले, ओठ फाटला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून जीव राहिला. ट्विंकल उभी राहून हसत होती, असं सोबतच्या पोरींनी सांगितलं.

मी पाहायला गेलो तेव्हा रोशनीच्या खाटेभोवती नात्यातल्या बाया बसल्या होत्या. एक म्हणत होती, "पोरीच्या जातीचं तोंड गेलं, आता काय राहिलं?" दुसरी म्हणाली, "नकली बसवतेत, पन मालूम पडते." पोरगी स्कार्फमागून सगळं ऐकत होती. तिचा बाप रायपूर-नागपूर ट्रक चालवतो. तो मला बाहेर घेऊन आला. "सीधी बात करतो, सर," तो म्हणाला. "तुमचा डोरा गेला तवा मोठ्या सरायनं मामला दाबला. तुमाले कसं वाटलं, ते तुमालेच मालूम. आता तुमी दाबू नका. मी ठान्यात जाऊन राहिलो."

सर, माझ्या बाजूनं इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मला थोडा वेळ दे. आणि तो वेळ मी का मागितला हे ऐका. मला तुमच्यासारखं करायचं नव्हतं. तुम्ही जे केलं नाहीत ते करायचं होतं. मला त्या पोरीला विचारायचं होतं.

तोवर तुम्ही गेलात. तेरवीनंतर मी पुन्हा तिच्या घरी गेलो. बाप ट्रकपाशी होता, आई शेतात. मी खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "रोशनी, तुला काय पाहिजे ते तू सांग. पोलीस पाहिजे असेल तर मी स्वतः ठाण्यात येतो. बोडीवर ट्विंकलसमोर बसायचं असेल तर तसं करू. तू म्हणशील ते होईल." फार बरं वाटत होतं मला. तुम्ही जिवंत असायला हवे होतात आणि दाराआडून ऐकायला हवं होतं, असं वाटत होतं.

रोशनीनं स्कार्फ थोडा खाली केला. ओठ पिकला म्हणून टाके पुन्हा घातले होते, ती शब्द चावून चावून बोलत होती.

"पोलीस म्हणलं त ट्विंकलची माय नळावर मले रोज बोलन. नको म्हणलं त बाबा म्हणन, तुह्यासाठी मी भांडून राहिलो आन तू मांगं सरकली. ती रिमांड होमात गेली त मी पाठवली. नाही गेली त मी सोडली." ती थांबली, तोंडातली लाळ पुसली. "मले दात दुखून राहिले, सर. हे बी मीच करू काय? तुमी कायले मोठे सर झाले मंग?"

मी उठलो. काहीतरी म्हटलं असेन, औषध घे वगैरे. बाहेर येऊन गाडीला किक मारली आणि गाडी चालू झाल्यावरही तिथंच उभा राहिलो.

तुम्ही मला विचारलं असतंत तर मी पोलीस म्हटलं असतं. ताराचंद रिमांड होममध्ये गेला असता, आणि गावानं त्याला खेमानं पाठवला असं म्हटलं असतं. त्याची माय मला नळावर, बाजारात, देवळात दिसत राहिली असती. नको म्हटलं असतं तर बाबांनी मला जन्मभर भेकड समजलं असतं. दोन्हींपैकी काहीही बोललो असतो तरी ते माझं झालं असतं, आणि मी नववीत होतो. तुम्ही ते माझ्या डोक्यावर ठेवलं नाहीत. ओसरीवर उपाशी बसून सगळा दोष अंगावर घेतलात. बाबा तुमच्यावर चिडले, मायनं तुम्हाला शिव्या दिल्या, मी तुमच्यावर राग धरला, आणि आमच्यापैकी कोणी ताराचंदच्या दारात भांडायला गेलं नाही. तुमचं उत्तर हेच होतं ना? एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, सर? केस पिकले माझे. पण सांगितलं असतंत तर मी तुमच्यावर राग धरला नसता, आणि मग तो कुठं गेला असता, हेही मला आता दिसतं.

समजलं म्हणून राग गेला, असं मात्र समजू नका. अंगठ्याखाली हललेला तो डोळा मला अजून आठवतो. त्या दिवशी मी तो पुरता दाबला असता तर? तुम्ही काय केलं असतं? घमेलं सरकवलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी रोशनीच्या बापाला चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, "मी ठरवलंय. पोरी आधी बोडीवर बसतील. ठाण्याचा रस्ता कोणी बंद केलेला नाही, बोडीवर काय होतं ते पाहा आणि मग वाटलं तर खुशाल जा. रोशनीला मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही."

त्यानं आधी माझ्या खऱ्या डोळ्याकडे पाहिलं, मग काचेच्या. "तुमी बी तसेच निंगाले, सर."

"हो," मी म्हटलं. तुमच्यासारखं उपाशी बसायचं म्हटलं तर मला शुगर आहे, दुपारपर्यंतच आडवा होईन. पण त्याची गरज पडली नाही. "तुमच्या जागी दुसरा मास्तर असता त कॉलर धरली असती," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं पाहून येतो." हा डोळा माझ्या कामी आला तो असा, आणि तोही तुमच्याच कामासाठी.

काल बसलो. मोह तोच आहे, थोडा वाकलाय. ताराचंद न सांगता ट्रॅक्टरभर माती घेऊन आला होता. ट्विंकलची माय झाडाच्या पलीकडे, रोशनीचा बाप अलीकडे. मी मध्ये बसलो, तुमच्या जागेवर. म्हटलं, "विचार, रोशनी. माग."

"तू हासली होती," रोशनी म्हणाली.

ट्विंकलनं मान खाली घातली.

"हासली होती का नाही?"

"हासली होती."

रोशनीनं स्कार्फ काढून मांडीवर ठेवला आणि तोंड पूर्ण उघडलं. आतलं सगळं दिसत होतं. टाके ताणले गेले, एका जागी रक्त आलं. "आता हास," ती म्हणाली. "खाली नको पाहू. माह्या तोंडाकडं पाह्य आन हास."

ट्विंकलनं वर पाहिलं. हसायचा प्रयत्न केला, खरंच केला, कारण उठायचं नाही आणि मागितलेलं द्यायचं हे तिला सांगितलेलं होतं. तो जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. "पुन्हा," रोशनी म्हणाली. ट्विंकलची माय पुढं आली, ताराचंदनं तिला हातानं थांबवलं. मला उठायचं होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. जागचं न हलणं किती जड असतं, हे तुम्ही कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तुमचे हात त्या दिवशी कुठं होते, हे आठवायचा मी प्रयत्न केला. माझ्या डोक्यात सगळं आहे, तुमचे हात तेवढे दिसत नाहीत.

"मले वाटलं तूही हासशीन," ट्विंकल रडत म्हणाली. "आपन दोघी पयले हासत होतो न, पडल्यावर. मंग तू उठलीच नाही."

रोशनीनं तोंड मिटलं. मग स्कार्फ उचलून पुन्हा बांधला, गाठ मागं जमेना तशी ती बांधत राहिली. ट्विंकलचे हात उठले आणि पुन्हा खाली गेले. मदत करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि रोशनीनं मागितलीही नव्हती.

मी मातीचं घमेलं दोघींच्या मध्ये सरकवलं.

रोशनीनं ते उचललं नाही. ती उभी राहिली. मोहाच्या पलीकडे ट्विंकलची माय होती, अलीकडे तिचा बाप. ती माझ्याकडे वळली आणि दोघांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात, टाके दुखत असताना, म्हणाली, "सर, तुमी मले विचारलं नाही."

खरं काय ते तिला आणि मला माहीत होतं. ती डोळ्याची पापणी न लववता माझ्याकडे पाहत होती, मी कधी तुमच्याकडे पाहत होतो तशी.

"नाही विचारलं," मी म्हटलं. "घमेलं उचल, पोरी."

आवाज तुमच्याइतका कोरडा निघाला नाही, सर. सवयीनं निघेल.